पचवणारा कोण?

डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली कॅप्सूल माळकऱ्याच्या हातात ठेवताना ती कशाची आहे हे सांगायचं की नाही, हा प्रश्न मला डी.फार्म.च्या परीक्षेत कुणी विचारला नव्हता. मंगरुळपीरला आमचं मेडिकल आहे. दुकान सासऱ्यांनी काढलं, आता मी बघते. गावात दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांचं देऊळ आहे. तालुक्यात वारकरी आहेत, बंजारा तांडे आहेत आणि माझं माहेर कारंजा, तिथली जैन मंदिरं जुनी. या सगळ्यांची पोटं एकाच काउंटरवर येतात आणि पोटापाठोपाठ धर्म येतोच.

हा प्रश्न पहिल्यांदा आणला तो आमच्या एका मामांनी. नात्याचे नाहीत, गिऱ्हाईक. पण आमच्याकडे वयाने मोठा माणूस मामाच असतो. तूर-सोयाबीनची शेती, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकवलेली नाही. शुगर जुनी. गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन लागलं. अलीकडे मात्र सदरा अंगावर लोंबायला लागला होता. जेवण नीट, भूक चांगली, तरी माणूस उतरत चाललेला. घरच्यांनी शुगरला बोल लावला, शेजाऱ्यांनी नजरेला. जुलाब होत, त्याचा दोष मेटफॉर्मिनवर गेला. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून पाहिली, तरी फरक नाही.

खरी गोष्ट मामी बोलल्या. दुकान रिकामं झाल्यावर काउंटरच्या कडेला येऊन, पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "माय, सांगाले लाज वाटते. पन बादलीभर पानी टाकलं तरी भांड्याले चिकटून रायते. वरतून तेलाचा तवंग दिसते." मी म्हटलं, मामी, हेच अगदी असंच डॉक्टरांना सांगा, लाजू नका. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि शौचातल्या इलॅस्टेजची तपासणी लिहून दिली. हे स्वादुपिंडातून येणारं एक पाचकद्रव्य. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर असावं. १०० च्या खाली गेलं तर कमतरता मोठी. मामांचा आकडा १०० च्या खाली होता. मधुमेह्याचं वजन असं कारणाशिवाय उतरलं तर स्वादुपिंडात खडा नाही ना, गाठ नाही ना, हे बघावंच लागतं. म्हणून सीटी स्कॅनही झालं. ते साफ निघालं. आणि चिठ्ठीवर आलं पॅन्क्रिएटिन.

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखर येते, आणि स्वादुपिंड म्हटलं की इन्सुलिन. पण या अवयवाचा इन्सुलिन करणारा भाग जेमतेम एक-दोन टक्के. १८६९ मध्ये बर्लिनला पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली तो बेटाबेटांसारखा दिसला. उरलेलं जवळजवळ सगळं स्वादुपिंड पाचकरस करण्यात गुंतलेलं असतं, दिवसाला लिटर-दीड लिटर. त्यातलं लायपेज तेल-तूप फोडतं, ट्रिप्सिन डाळीतलं प्रथिन फोडतं, अमायलेज भाकरीतला स्टार्च फोडतं. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, ते कसं? कुत्र्यांच्या स्वादुपिंडाची नळी बांधून पाचकरस करणारा भाग सुकू दिला आणि उरलेल्या बेटांतून अर्क काढला. पाचकरस त्यांना अडचण वाटत होता. त्यानंतर मधुमेहाचा इतिहास इन्सुलिनचाच झाला आणि दुसरा भाग विस्मरणात गेला.

प्रत्यक्षात दोन्ही भाग शेजारी आहेत, एकमेकांवर जगतात. बेटांतून निघालेलं इन्सुलिन आधी आजूबाजूच्या पाचकपेशींना मिळतं आणि त्यावर त्या पोसल्या जातात. इन्सुलिन आटलं की त्याही खंगतात. जुन्या शुगरने नसा बिघडल्या की रस सोडण्याचा इशाराही नीट पोचत नाही. कधी उलटं असतं: आधी स्वादुपिंडच आजारी पडतं आणि त्यातून मधुमेह होतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत टाइप १ च्या सुमारे निम्म्या आणि टाइप २ च्या सुमारे एक तृतीयांश लोकांत इलॅस्टेज कमी आढळलं. आकडा कमी म्हणजे लगेच आजार असं नाही, कारण निसर्गाने साठा भरपूर दिला आहे; लायपेज दहा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय तेलकट शौच सहसा होत नाही. पण ज्याला होतं त्याचं खाल्लेलं अंगी लागत नाही. तेलाबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही निघून जातात. माणूस ताटावर बसून उपाशी राहतो.

मामांनी विचारलं ते यातलं काहीच नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांत जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणतात. मामाही म्हणतात, ताट पुढे असताना. ते म्हणाले, "माय, देव त्यात सांगते का मीच पोटात अग्नी होऊन बसलो, चार परकारचं अन्न मीच पचवतो. रोज म्हनतो मी. मंग माह्या पोटातला देव कुठी गेला?"

मामांना तपासणीचा आकडा दाखवून हे निभावणार नव्हतं. मी घरी जाऊन वाचायला बसले. सासऱ्यांच्या कपाटात उपनिषदं होती, आणि मला नवल वाटलं ते याचं की आपल्या जुन्या लोकांनी पचन किती गंभीरपणे घेतलं होतं. बृहदारण्यकात म्हटलं आहे की पोटातला वैश्वानर अग्नी अन्न पचवतो आणि कान झाकले की त्याचा आवाज ऐकू येतो; मरणाजवळ आलेल्या माणसाला तो येत नाही. मामांना सांगितलं तर त्यांनी काउंटरसमोरच दोन्ही अंगठे कानांत घातले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "येते आवाज." मी विज्ञानाची विद्यार्थिनी. तो आवाज स्नायूंचा आणि रक्ताचा असतो हे मला ठाऊक आहे. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

ऐतरेय उपनिषदातली गोष्ट तर मामांच्या रिपोर्टला लागूनच आहे. अन्न निर्माण झालं आणि ते पळायला लागलं. माणसाने वाणीने धरायला बघितलं, जमलं नाही. जमलं असतं तर अन्नाचं नाव घेऊनच पोट भरलं असतं. डोळ्याने धरलं नाही, कानाने नाही, मनाने नाही. शेवटी खाली वाहणाऱ्या अपानाने त्याला धरलं. घास गिळला म्हणजे अन्न हाती आलं, ही आपली समजूत. ते पळतच असतं. आत कुणीतरी धरणारा लागतो, आणि तो धरणारा आपल्या हुकमात नाही. हात तोंडापर्यंत आपला. पुढचा सगळा कारभार दुसऱ्याचा. गीता म्हणते तो देवाचा, पुस्तक म्हणतं लायपेजचा. 'मी पचवलं' असं दोघंही म्हणू देत नाहीत.

मग मामांच्या पोटातला देव गेला कुठे? तो रुसला, की मामांचं काही चुकलं? हे उत्तर मला मान्य नव्हतं. आजाराला पापाशी बांधणं सोपं असतं, आणि सगळ्यात आधी ते आजाऱ्यालाच पटतं. कारंज्याची मुलगी म्हणून मला गुरुचरित्र आठवलं. नृसिंह सरस्वतींचा जन्म कारंज्याचा. त्यांच्या चरित्रात पोटशुळाचा एक ब्राह्मण आहे: जेवलं की असह्य कळा येतात, म्हणून तो पंधरा दिवसांनी, महिन्याने जेवतो, आणि शेवटी नदीत जीव द्यायला निघतो. जेवण्याच्या भीतीने उपाशी राहणारा रोगी स्वादुपिंडाच्या जुन्या दुखण्यात आजही दिसतो. त्या ब्राह्मणाला तेच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मला लागतं ते पुढचं. गुरू त्याला पूर्वजन्म ऐकवून वाटेला लावत नाहीत. सायंदेव नावाच्या भक्ताला सांगतात, याला घरी ने आणि जेवू घाल, वडे-पक्वान्नासकट. सायंदेव घाबरतो, याच्या मरणाचं पाप माझ्या माथी येईल म्हणून. गुरू ती जबाबदारी स्वतःवर घेतात. आजच्या उपचाराची दिशाही तीच आहे. पूर्वी अशा रोग्याचं तेल-तूप तोडत. आता म्हणतात, पोटभर जेवू द्या, सोबत एन्झाइम द्या. फक्त गुरूंच्या जागी कॅप्सूल आली, आणि कॅप्सूल कुठून आली हे सांगणं माझ्याकडे आलं.

पॅन्क्रिएटिन हे डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. माणसाच्या एन्झाइमशी त्याचं काम जुळतं आणि कत्तलखान्यात तो अवयव मुबलक मिळतो. खाण्याच्या पाकिटावर आपल्याकडे हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. औषधाच्या पाकिटावर अशी खूण छापण्याची सक्ती नाही. यावर कोर्टात भांडण झालेलं आहे. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की सौंदर्यप्रसाधनं आणि जीव वाचवणारी नसलेली औषधं यांत प्राण्याचा अंश असेल तर तसं लिहा. माहिती मिळणं हा माणसाच्या विवेकस्वातंत्र्याचा भाग आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे कायद्याने मी गप्प राहू शकते.

सासरे गप्पच राहिले होते. त्यांच्या काळी इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून यायचं. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक, गाईच्यात तीन आम्लांचा. माणसाचं इन्सुलिन जिवाणूंकडून करून घेऊन बाजारात आलं ते १९८२ मध्ये, आणि तालुक्याच्या गावात सर्रास व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर हिंदूंनी गाईचं घेतलं, मुसलमानांनी डुकराचं घेतलं, जैनांनी दोन्ही घेतलं, आणि कुणालाच पत्ता नव्हता. सासरे म्हणत, "औषधाले जात नसते. सांगसान तर थो घेनार नाई, अन् नाई घेतलं तर मरन. मंग पाप कोनाले?" त्यांच्या जागी मी असते तर बहुधा मीही गप्प बसले असते. इन्सुलिन सुटलं तर टाइप १ चं पोर आठवड्याभरातही दगावू शकतं. तिथे विचारायला सवडच नाही.

पण मामांची गोष्ट तशी नव्हती. एन्झाइम मिळालं नाही म्हणून माणूस उद्या मरत नाही, हळूहळू झिजतो. म्हणजे सांगायला, विचारायला, घरी बोलायला, महाराजांना भेटायला वेळ आहे. जिथे वेळ आहे तिथे न सांगणं म्हणजे दुसऱ्याचा निर्णय चोरणं, असं मला वाटतं. व्रत माझं नाही, मामांचं आहे. ते मोडायचं की वाकवायचं हे मी त्यांच्या पाठीमागे ठरवू शकत नाही, भल्यासाठीसुद्धा.

मी सांगितलं. मामा बराच वेळ पाकीट उलटसुलट करत बसले. दुकानातला एक जण गंमतीने म्हणाला, "घ्या ना मामा, वराह अवतार समजा." मामा हसले नाहीत. मलाही ते आवडलं नाही. देवाच्या अवतारांचा असा सोयीचा वापर केला की प्रश्न सुटत नाही, नुसता झाकला जातो.

मी त्यांना छांदोग्यातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट सांगितली. कुरुदेशात पीक बुडालं, दुष्काळ पडला. हा विद्वान ब्राह्मण भुकेने व्याकूळ होऊन हत्ती बाळगणाऱ्यांच्या गावी गेला. तिथे एक जण उकडलेले कुळीथ का उडीद खात बसला होता. उषस्तीने मागितले. तो म्हणाला, हे माझं उष्टं आहे, दुसरं नाही. उषस्तीने तेच घेऊन खाल्लं. मग त्याने पाणी पुढे केलं, तर उषस्ती म्हणाला, नको, ते उष्टं आहे. आणि दाणे उष्टे नव्हते? उषस्ती म्हणाला, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला दुसरीकडे मिळेल.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते ती त्या नाकारलेल्या पाण्यासाठी. गरजेपुढे नियम वाकतो, हे सगळेच धर्म सांगतात. कुराणात ज्या आयतीत डुकराचं मांस हराम म्हटलं आहे, त्याच आयतीत पुढे म्हटलं आहे की हाव न धरता, मर्यादा न ओलांडता जो नाइलाजाने खाईल त्याला गुन्हा नाही. पण नियम वाकवण्याची परवानगी मिळाली की माणूस तो सगळाच सोडून देतो. उषस्तीने दाण्यांपुरता सोडला आणि पाण्याच्या काठावर परत उचलला.

माझ्या माहेरच्या ओळखीच्या एका जैन काकूंना हेच दुखणं झालं तेव्हा त्यांनी वेगळा निर्णय घेतला. त्यांचं म्हणणं, हिंसा करणं, करवून घेणं आणि तिला अनुमोदन देणं, तिन्ही सारखंच बांधतं. विकत घेणं म्हणजे अनुमोदन. डुक्कर औषधासाठी मारत नाहीत, मांसासाठी मारतात, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पैसे कुणाच्या खिशात जातात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना विचारून बुरशीपासून केलेलं एन्झाइम घेतलं. ते पित्तात लवकर निकामी होतं, गुण कमी येतो, हे त्यांना सांगितलेलं होतं. थोडं थोडं, वारंवार खाऊन त्या भागवतात. वजन कमीच आहे, आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

मामांनी कॅप्सूल घेतली. का घेतली ते त्यांनीच सांगितलं, आणि ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नव्हतं. म्हणाले, "पंधराव्या अध्यायात देव म्हनते का मी सगळ्या जिवायच्या देहात अग्नी होऊन रायतो. नुसत्या मानसाच्या नाई. मंग डुकराच्या पोटातबी थोच बसला होता. माह्यातला विझला, त्याच्यातला आनून लावला."

मी बराच वेळ या बोलण्यावर विचार करत राहिले. याला दोन बाजू आहेत. देव सगळ्यांच्या पोटात एकच असेल तर ती कॅप्सूल परकी नाही, विटाळ कशाचा? पण देव एकच असेल तर त्या डुकराला मारताना कुणाचा अग्नी विझवला? जे वाक्य कॅप्सूल घ्यायला मोकळं करतं, तेच वाक्य घेणाऱ्यावर ऋण चढवतं. मामांना हे दिसत होतं. म्हणून ते सुटल्यासारखे बोलत नव्हते, उसनं घेतल्यासारखे बोलत होते. माझ्या मते हीच जागा खरी आहे. काकूंनी ऋण नाकारलं आणि झिजणं पत्करलं, मामांनी ऋण पत्करलं आणि जगणं. चूक मी फक्त तिसऱ्याला म्हणेन, जो ऋण आहे हेच माहीत करून घेत नाही.

कॅप्सूलचा नेमही मी त्यांना समजावला. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. मोठ्या जेवणाला मात्रा जास्त, मधल्या खाण्याला कमी, आणि मात्रा डॉक्टरच ठरवतात. जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घेतली तर उपयोग नाही, कारण तिला अन्नात मिसळूनच काम करायचं असतं. कॅप्सूलमधले दाणे चावायचे नाहीत. पोटातल्या आम्लापासून वाचवायला त्यांच्यावर वेष्टण असतं, ते पुढे आतड्यात उघडतं. दोन-तीन आठवड्यांत मामींनी सांगितलं, भांडं साफ राहायला लागलं. पुढे सदराही भरला. शुगर मात्र थोडी वाढली, कारण अन्न आता खरोखर अंगी लागत होतं, आणि इन्सुलिन वाढवावं लागलं. मामा म्हणाले, "देव आला तर त्याचा खर्चबी आला."

मग कुणीतरी त्यांना ताकद यावी म्हणून रोज दोन अंडी खायला सांगितली. मामांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "नाई खानार. तुरीचं वरन हाय, दूध हाय, शेंगदाने हायत. कॅप्सूलले दुसरं काई नव्हतं. अंड्याले हाय." उषस्तीचं नाव ते घेत नव्हते, पण पाण्याचा पेला त्यांनी बरोबर ओळखून परत केला होता.

सासऱ्यांना माझं वागणं पटलं नसतं. ते म्हणाले असते, शंभरातल्या एकाने जरी तुझं ऐकून औषध टाकलं तर काय करशील? हा प्रश्न मी टाळत नाही. तेवढ्यासाठी मी सांगून झाल्यावर माणसाला एकटं सोडत नाही. दुसरा मार्ग काय, त्यात गुण किती, न घेतल्यास काय होईल, हेही सांगते, आणि डॉक्टरांकडे परत पाठवते. पण सांगायचं सोडत नाही. अज्ञानात पाळलेलं व्रत हे व्रत नसतं, योगायोग असतो. आणि अज्ञानात मोडलेल्या व्रताचं ओझं, व्रत कुणाचंही असलं तरी, ज्याला माहीत होतं त्याच्यावर येतं. आपल्या काउंटरवर ते ओझं माझं आहे. औषधाच्या पाकिटावर ते कशापासून केलं हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापलं, तर ते वाटून घ्यायला मला कुणीतरी मिळेल.